काठोकाठ भरलेलं पिंप

बुवांच्या नाकाबद्दल मी जे सांगणार आहे त्यातलं निम्मंच खरं माना; तरीही ते नाक पृथ्वीवरच्या बाकी सगळ्या नाकांना भारी पडेल. नेकार नदीकाठच्या त्या गावात म्हातारीकोतारी माणसं सांगायची, की लढाईत विमानं यायच्या आधी भोंगा वाजायचा आणि भोंगा वाजायच्या आधी बुवा शिंकायचे. द्राक्षांचा एक मणी चावून ते सांगत, हा अमक्याच्या मळ्यातला, वरून दुसऱ्या ओळीतला, आणि तो तोडताना त्या गृहस्थाने लसूण खाल्लेला होता. हे मी स्वतः पाहिलेलं आहे. लसणाबद्दल गृहस्थाने कबुलीही दिली होती.

या नाकाशी माझी गाठ पडली ती हिंगामुळे.

स्टुटगार्टच्या तांत्रिक विद्यापीठात मी डॉक्टरेट करायला गेलो तेव्हा शहरात खोली मिळणं हाच खरा डॉक्टरेटचा विषय होता. बॉम्बमधून वाचलेल्या घरांत आधीच एकावर एक माणसं रचलेली. शेवटी आगगाडीने अर्ध्या तासावर, वाइन करणाऱ्यांच्या एका गावात, बुवांच्या घरी, माडीवरची खोली मिळाली. आईने निघताना डोळ्यांतलं पाणी आणि हिंगाची डबी एकाच वेळी दिली होती. पहिल्याच रविवारी मी आमटीला फोडणी घातली. बुवा तेव्हा टेकडीच्या माथ्यावर वेली छाटत होते. वारा उलटा होता. तरी फोडणीची चर्रचर्र थांबायच्या आत ते हातात कात्री घेऊन माझ्या दारात उभे.

“हेर इंडर!” म्हणजे ‘भारतीय महाशय’. “माझ्या घरात काय मेलंय?”

मी डबी पुढे केली. त्यांनी एकदाच हुंगली आणि जिन्याच्या पायरीवर बसकण मारली.

“आल्झो,” म्हणजे ‘असं बघा’, ते म्हणाले, “माणूस तुम्ही चांगले दिसता. पण खाली तळघरात माझी वाइन झोपलीय. पिंपाचं लाकूड श्वास घेतं. हा वास आज आत गेला, तर पुढच्या वर्षी सगळं गाव माझ्या घरी येऊन इंडिया पिईल.”

तेव्हापासून डबी बागेच्या टोकाला अक्रोडाच्या झाडाखाली पुरली गेली. आमटीची लहर आली की मी फावडं घेऊन निघायचो, डबी उकरायचो, झाडाखालीच स्पिरिटच्या स्टोव्हवर फोडणी करायचो आणि डबी परत पुरायचो. आसपासच्या चार घरांची खात्री झाली, की इंडियाच्या कुठल्यातरी महाराजाने आपले दागिने इथे दडवलेत. बर्फ पडत असताना एका हाताने छत्री धरून दुसऱ्या हाताने फोडणी देणारा मराठी माणूस जगात दुसरा झाला नसेल.

बुवा हे नाव माझं, मनातल्या मनात ठेवलेलं. तोंडावर मी त्यांना ‘हेर’ लावून आडनावानेच हाक मारायचो. त्यांच्या बायकोला मात्र काकू म्हणायचो, अगदी तोंडावर. अर्थ सांगितला तेव्हा त्या म्हणाल्या, “म्हणजे मी तुझ्या काकाची बायको? बिचारा तुझा काका!” त्या दिवसापासून त्या मला अरेतुरे करू लागल्या. बुवांनी अखेरपर्यंत ‘हेर इंडर’ सोडलं नाही.

बुवांचा मळा म्हणजे मळा नव्हताच, भिंत होती. तिच्यावर वेली टांगलेल्या. पूर्वजांनी त्या उभ्या कड्यावर दगडांचे गडगे रचून पायऱ्यापायऱ्यांच्या ताली केल्या होत्या. एकेका तालीवर वेलींच्या दोन-तीन ओळी. वरून द्राक्षाचा घड निसटला तर नदीपर्यंत पोचेतो त्याची वाइन झालेली असायची. सुगीत पाठीला उंच टोपली बांधून मी ते दगडी जिने उतरलो आहे. पहिल्या दिवशी माझे गुडघे इतके लटपटत होते, की काकूंनी कपबशा आवरून ठेवल्या.

हिवाळाभर बुवा गडगे दुरुस्त करत. सिमेंटचं नाव काढलं तर थुंकत. चुनखडीचा दगड हातात घेऊन, फिरवून, हुंगून (हो, हुंगून) ते त्याची जागा ठरवत. दगड चुकीचा बसलेला त्यांना सोसत नसे, मग तो कुणाचाही असो. समोरच्या शेजाऱ्याचा एक गडगा स्वयंपाकघराच्या खिडकीतून वाकडा दिसतो म्हणून शेजारी मुलीच्या लग्नाला परगावी गेलेला असताना बुवांनी तो सगळा उतरवून नव्याने रचला होता. शेजारी परत आला, गडगा बघितला आणि वर्षभर बुवांशी बोलला नाही. गडगा मात्र त्याने तसाच ठेवला.

अशा माणसाच्या स्वतःच्या मळ्यात, तिसऱ्या तालीवर, एक हातभर रुंदीचा तुकडा पंगतीतून उठलेल्या माणसाच्या पोटासारखा पुढे आलेला होता. मला वाटलं, म्हाताऱ्याच्या नजरेतून सुटला असेल. एका शनिवारी त्यांना खूश करावं म्हणून मी ते पोट उतरवायला घेतलं. पाच-सहा दगड काढले असतील, तेवढ्यात बुवा आले. ओरडले नाहीत. बुवा ओरडले नाहीत म्हणजे काहीतरी भयंकर झालंय, एवढं तोवर मला कळायला लागलं होतं. त्यांनी माझ्या हातातला दगड घेतला आणि एकेक दगड परत ठेवला, जसा होता तसाच, वाकडा.

संध्याकाळी काकूंनी बटाटे सोलता सोलता सांगितलं. “ते आमच्या पोराने रचलंय. लहान होता. बाप म्हणाला, वाकडं आहे, पाड. पोरगा म्हणाला, मोठा झालो की पाडीन.”

पोरगा मोठा झाला तो लढाईवर रशियात जाण्यापुरता. मेल्याची खबर आली नाही, जिवंत असल्याचीही नाही. बेपत्ता, एवढंच. रशियाने शेवटचे कैदी सोडले तेव्हा बुवा रविवारचा कोट घालून स्टेशनवर जाऊन उभे राहायचे. इतरांची दोन-तीन पोरं आली. नंतर गाड्या नुसत्याच येऊ लागल्या.

आता पिंपाची गोष्ट. तळघरात सगळ्यात आत, कोपऱ्यात, एक पिंप होतं. त्या घराची रीत अशी, की मूल जन्माला आलं की त्या शरदातली तिसऱ्या तालीची वाइन एका पिंपात भरायची, आणि ते उघडायचं त्या मुलाच्या लग्नात. लग्नाआधीच ते मूल गेलं, तर त्याच्या मातीला आलेल्यांना पाजायची. लग्न नाही आणि मातीही नाही, अशी सोय रीत घालून देणाऱ्याने केलेली नव्हती. त्यामुळे पोराचं पिंप थांबलेलं होतं.

पण पिंप नुसतं ठेवून भागत नाही. लाकूड रोज थोडी थोडी वाइन पितं. वर रिकामी जागा राहते, तिथे हवा शिरते, आणि हवा शिरली की वाइन आंबते. म्हणून बुवा अधूनमधून बूच काढून, त्याच तालीची ताजी वाइन घालून, पिंप काठोकाठ भरत. अशी किती वर्षं चालली होती कोण जाणे. मी इंजिनिअर पडलो. एकदा न राहवून म्हणालो, “मग आत मूळची वाइन उरली तरी असेल का हो?”

“माझ्या अंगावर लग्नातलं मांस किती उरलंय?” बुवा म्हणाले. “तरी बायको घरात घेतेच ना?”

रोज संध्याकाळी जेवणाआधी बुवा खाली जात आणि त्या पिंपावर वरपासून खालपर्यंत बोटाच्या पेराने टकटक करत. भरलेल्या पिंपाचा आवाज वेगळा असतो, दबका. मग वर येऊन, टोपी खुंटीला लावून सांगत, “भरलंय.” चुलीकडे तोंड करून उभ्या काकू मागे न बघता म्हणत, “बरं.” मग सूप वाढलं जाई. मी त्या घरात होतो तेवढ्या वर्षांत आधी हे दोन शब्द आणि मग सूप, हा क्रम चुकला नाही. तापात असताना बुवांनी मला पाठवलं होतं टकटक करायला, आणि वर येऊन मीच म्हणालो, “भरलंय.” काकू मलाही “बरं” म्हणाल्या.

मला ते फार गोड वाटायचं. एकदा काकूंना तसं बोलूनही दाखवलं. त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली.

“त्याला वाटतं, पिंप भरलेलं आहे तोवर पोरगा वाटेत आहे,” त्या म्हणाल्या. “आणि मला, ते भरलेलं आहे तोवर, रडायची चोरी.”

एके वर्षी वेली फुटायच्या वेळेला दहिवर गोठलं आणि वाइन फार थोडी झाली. पिंपं भरायला पुरेना. तेव्हा बुवांनी मला नदीवर गोटे वेचायला पाठवलं. वाइन कमी पडली की धुतलेले गोटे पिंपात टाकायचे, पातळी वर येते, हवेला जागा राहत नाही. ही तिथली जुनी युक्ती. मी बादलीभर सुंदर गोटे आणले. बुवांनी एकेका गोट्यावर व्हिनेगरचा थेंब टाकला. ज्याच्यावर फेस आला तो खिडकीतून बाहेर. एक माझ्या कानाला चाटून गेला.

“चुनखडी,” ते म्हणाले. “हिच्यावर वेल जगते, पण वाइनमध्ये हिचा खडा पडता कामा नये. चुना वाइनचा आंबटपणा खातो. आधी ती फसफसते, मग मरते. इथल्या पाळण्यातल्या पोराला हे ठाऊक असतं, हेर इंडर.”

मग एके दिवशी टोपी घातलेला एक सरकारी साहेब गावात आला आणि त्याने फ्लूरबेराइनिगुंग आणली. एवढा लांब शब्द पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला वाटलं, मालगाडीच जातेय. आपल्याकडच्या तुकडेजोडीसारखंच प्रकरण, पण बुलडोझरसकट. गडगे पाडायचे, टेकडी एकसलग उताराची करायची, सगळ्यांना सरळ आखीव तुकडे वाटायचे. गावच्या सभागृहात सभा भरली.

“ट्रॅक्टर थेट वरपर्यंत जाईल!” साहेब म्हणाला.

“वर जाऊन काय करील?” मागून बुवा. “देखावा बघत बसेल?”

सगळं गाव खो खो हसलं. हसून झाल्यावर सगळ्यांनी हात वर केले, योजनेच्या बाजूने. मी त्यांना नावं ठेवणार नाही. त्या सभागृहात धड गुडघे असलेला एकही माणूस नव्हता; पोरं शहरातल्या मोटारीच्या कारखान्यांत जात होती; तो कडा पाठीवर आता वाहणार कोण? बाहेर पडताना समोरचा शेजारी बुवांना म्हणाला, “तुझा हात एकट्याचा खाली राहिला.” बुवा म्हणाले, “माझा खांदा दुखतो.”

बुवा बुलडोझरपुढे आडवे झाले, असं इथे सांगायला मला किती आवडलं असतं! तसा मी तयारीतही होतो. त्यांच्याशेजारी मी आडवा होणार, वर्तमानपत्रात फोटो. तसलं काही झालं नाही. सुगी झाल्यावर यंत्र आलं. बुवा टोपी काढून बाजूला उभे राहिले आणि पूर्वजांनी शेकडो वर्षं रचलेलं सगळं, न्याहारीपासून जेवणाच्या सुट्टीपर्यंत, खाली येताना बघत राहिले. तिसऱ्या तालीची पाळी आली तेव्हा मात्र त्यांनी हात वर केला. तोच, दुखरा. चालवणारा पोरगेलासा होता. त्याने यंत्र बंद करून सिगारेट पेटवली. बुवांनी ते पोट आलेलं गडग्याचं टोक दगड दगड करून सुटं केलं, पाठीवरच्या टोपलीत भरलं आणि खेपा करून घरी आणलं. मी मदतीला धावलो तर म्हणाले, “तुम्ही एकदा काढलेत तेवढे पुरे.” अंगणात ढीग रचला. तो मात्र सरळ रचला.

नव्या वेलींना फळ धरायला काही वर्षं जावी लागतात. तिसऱ्या तालीची शिल्लक वाइन पहिल्याच वर्षात संपली. पिंप मात्र पीतच होतं. शेजारी आपल्या वाइनचा एक जग भरून घेऊन आला. “घाल यातली. सूर्य एकच आहे रे आपला.”

“सूर्य एक आहे,” बुवा म्हणाले. “पोरगा माझा आहे.”

शेजाऱ्याने जग तसाच परत नेला. त्या दिवसापासून नदीतले गोटे. दर महिन्याला मी गोटे वेचून आणायचो, बुवा व्हिनेगर टाकून पारखायचे आणि बुचाच्या भोकातून एकेक आत सोडायचे. डुबुक. डुबुक. तळाशी गोट्यांचा थर चढत गेला. टकटक केली की खालून बद्द आवाज येऊ लागला, जमिनीवर वाजवल्यासारखा. “भरलंय,” बुवा म्हणायचे. काकूंची पळी सुपात दोनदा फिरायची. मग काकूंचं, “बरं.” सूप त्या वर्षी मला बेचव लागायचं, मीठ तर तेवढंच होतं.

माझा प्रबंध संपत आला होता तेव्हाची गोष्ट. नव्या मळ्यात वेली लावून झाल्या होत्या, कंगवा फिरवल्यासारख्या सरळ. त्या दिवशी सकाळी बुवा वर गेले ते दुपार कलल्यावर परतले. जेवले नाहीत. थोड्या वेळाने अंगणातून हातोड्याचे घाव ऐकू आले. बघतो तर बुवा त्या ढिगातले दगड फोडत होते. एकेक खडा बुचाच्या मापाचा करून बादलीत टाकत होते. मला वाटलं, खडी करतायत, बागेच्या वाटेला.

बादली घेऊन ते तळघरात उतरले. मी मागोमाग. आतल्या पिंपाशी नदीच्या गोट्यांची बादली तशीच भरलेली होती, परवाच मी आणलेली. व्हिनेगरची बाटलीही होती. बुवांनी तिकडे बघितलं नाही. बूच काढलं, अंगणातला एक खडा आत सोडला. मग दुसरा. मग ओंजळी ओंजळीने.

“कान लावा,” ते म्हणाले.

मी पिंपाला कान लावला. आत कुणीतरी भराभर, दबक्या आवाजात बोलत असल्यासारखी वाइन फसफसत होती.

“बुवा!” माझ्या तोंडून मराठीच निघालं. मग जर्मनमध्ये म्हणालो, “अहो, ही चुनखडी आहे!”

“गेनाऊ,” बुवा म्हणाले. “तेच तर.”

ते पिंपाशेजारी उकिडवे बसले. त्यांचाही कान पिंपाला होता. माझ्याकडे न बघता बोलले, “सकाळी वर गेलो होतो. तिसरी ताल कुठे होती, ते मला सापडलं नाही. या टोकापासून त्या टोकापर्यंत हिंडलो. नाकाने शोधली, तरी नाही. जन्मभर तिथे राबलो त्या मला सापडली नाही, तर त्याला कशी सापडणार? येईल तो आणि म्हणेल, गाव चुकलं.”

आतली फसफस हळूहळू कमी होत गेली. पूर्ण थांबेपर्यंत आम्ही दोघं तसेच बसलो. मग ते उठले, गुडघे झटकले.

“हेर इंडर,” म्हणाले, “ती तुमची डबी. अक्रोडाखालची. आता घरात आणलीत तरी चालेल.”

त्या घरात दर हिवाळ्यात काही आठवडे पुढची खोली उघडून आपली वाइन गावाला विकायची पद्धत होती. दारावर खराटा टांगला, की आत वाइन मिळते असं समजायचं. त्या रविवारी, भर वसंतात, बुवांनी खराटा टांगला. अवेळी खराटा बघून गावात कुणी काही विचारलं नाही. चर्च सुटलं आणि माणसं आली. सगळी काळ्या कपड्यांत. एरवी त्या खोलीत एकमेकांच्या वाइनला शिव्या घालणारी, पहिल्याच घोटाला ‘ही वाइन की पाय धुतलेलं पाणी’ म्हणणारी ती मंडळी गप्प बाकांवर बसली. काकू जग भरून आणत होत्या, बुवा ओतत होते.

मीही एक पेला घेतला. चव नव्हतीच. चुन्याची निवळी प्यावी तसं काहीतरी. आजूबाजूला बघितलं, एकाच्याही चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. सगळ्यांनी पेले तळापर्यंत रिकामे केले. समोरच्या शेजाऱ्याने आपला पेला संपवला, बाहीने ओठ पुसले आणि पेला पुन्हा पुढे केला. बुवांनी भरला. पैसे कुणाकडून घेतले नाहीत.

दुपार उतरली तेव्हा पिंपातली शेवटची धार काकूंच्या हातातल्या जगमध्ये पडली. माणसं एकेक उठली, काकूंचा हात हातात घेऊन निघून गेली. बुवांनी खराटा उतरवला.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसलो होतो. हिंगाची डबी फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी ठेवलेली. काकू चुलीकडे तोंड करून उभ्या. सवयीने बुवा खाली गेले, आणि तळघरातून टकटक ऐकू आली. वर पोकळ. खाली आल्यावर बद्द, दगडांची. पुन्हा वर, पुन्हा खाली.

ते वर आले. टोपी खुंटीला लावली. दारातच उभे राहिले. भरलंय म्हणावं तर वाइनचा थेंब नव्हता, रिकामं म्हणावं तर आत पोराचा गडगा होता.

“बरं,” मागे न बघता काकू म्हणाल्या.

त्यांनी चूल विझवली, हात पुसले, पदरासारखा पुढ्यातला एप्रन सारखा केला. मग खुर्ची ओढून घेतली आणि, राहिलेलं काम एकदाचं हातावेगळं करायला बसावं तशा, रडायला बसल्या.